जिंकेल तो मागे

सोमाजी कन्नाके भित्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोसंबटोल्याच्या वस्तीत कुणालाही विचारा, तो हसूनच सांगेल. सिंदेवाहीच्या बाजाराला गेला की दुपारी तीनलाच सोमाजीला घर आठवायचं. आभाळ गरजलं की हा खाटेवर पाय वर घेऊन बसायचा. विहिरीत वाकून पाहायचं झालं तर आधी कुणीतरी मागून कमरेला धरायला हवं. त्याची आई लवकर गेली, तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि थोरली बहीण वच्छला अकरा वर्षांची. तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलं, तो तिला बाई म्हणायचा. पुढे ती लग्न होऊन मूल गावाकडे गेली, नवरा वारल्यावर माहेरी परतली, आणि बापानं वाटून दिलेल्या मोहाच्या तीन झाडांवर आणि स्वतःच्या दोन हातांवर जगू लागली. सोमाजी पंचेचाळिशीला आला, दोन मुलींचा बाप झाला, तरी तिच्या लेखी तो सोम्याच राहिला.

पत्त्यांत मात्र हाच भित्रेपणा त्याला तारून न्यायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, टोल्यावर तीन पत्तीचे डाव पडतात. भले भले शूर त्या दिवशी धोतर सोडून उठतात. सोमाजी मात्र जेवढं घेऊन बसला जवळपास तेवढंच घेऊन घरी यायचा. त्याचा हिशोब साधा होता. हातात जोडी आली तर चाल करून पैसा लावायचा, नाही आली तर पॅक म्हणून पानं टाकायची. आपलं पान हलकं आहे आणि समोरच्याचं कसं आहे ते ठाऊक नाही, अशा वेळी लोक हसतात, मिशीला पीळ देतात, आणि बुडतात. सोमाजीला तसलं काही यायचं नाही. जोडी आली की त्याचा हात कापायचा, आणि हात कापला की सगळे पानं टाकून द्यायचे. म्हणून तो जिंकायचाही कमीच. लोक त्याला पॅक सोमाजी म्हणायचे, आणि तोही त्या नावाला ओ द्यायचा.

आता मोहाचं सांगतो. चैत्रात मोहाची फुलं पहाटे गळतात. उजाडायच्या आधी पोचलात तर टोपली तुमची, उशीर झाला तर हरणांची, वानरांची आणि अस्वलांची. टोल्यातल्या चार घरांची बारा झाडं नाल्यापलीकडे होती. तिकडे जायची एकच पायवाट, दोन्ही बाजूंना दाट बांबू, एका मागे एक असंच चालावं लागे. त्या रानात वाघीण होती. ती पूर्वीही होती, पण आदल्या वर्षी पलीकडच्या गावातला एक गुराखी तिनं नेला. तो आपल्या गुरांच्या पुढे चालत होता. टोल्यानं त्यावरून एकच धडा घेतला, की पुढचा जातो.

मग काय, पहाटे चार घरांची माणसं बांबूच्या तोंडाशी उभी, आणि पुढे कुणी व्हायचं यावर भांडणं. एकदा तर भांडता भांडता उजाडलं आणि नाल्यापलीकडची फुलं चितळांनी खाल्ली. तेव्हा म्हाताऱ्या सुकलूनं तोड काढली. तो तरुणपणी आलापल्लीच्या लाकूड डेपोत हमाल होता, आणि तिथून दोन गोष्टी घेऊन आला होता, कंबरदुखी आणि पत्ते. त्यानं ठरवून दिलं की रोज दुपारी चार घरांतून एकेकानं त्याच्या मांडवात बसायचं आणि तीन पत्तीचा एक डाव टाकायचा. पैसा लावायचा नाही. प्रत्येकाची तीन झाडं, तीच लावायची. एक चाल म्हणजे उद्याच्या फुलांचं एक झाड. ज्याला धीर होत नाही त्यानं पॅक म्हणावं, उद्या घरी झोपावं, आणि लावलेल्या झाडांची फुलं जिंकणाऱ्याला द्यावी. तीन चालींनंतर जे उरतील त्यांनी पानं उघडायची. ज्याची सगळ्यांत हलकी, त्यानं पहाटे पुढे चालायचं. ज्याची सगळ्यांत भारी, त्यानं सगळ्यांच्या मागे, सुखरूप.

सोमाजी त्या महिन्यात किती वेळा पॅक म्हणाला ते त्याची बायकोच सांगू शकेल. ती रोज रिकामी टोपली पालथी घालून ठेवायची. वच्छलाबाई याच्या अगदी उलट. ती पानं उशिरा पाहायची, पॅक म्हणून कधी म्हणायची नाही, आणि पान तिला साथही द्यायचं. बहुतेक पहाटे ओळीत सगळ्यांत शेवटी तीच असायची, डोक्यावर टोपली, तोंडात तंबाखू.

एका डावात सोमाजीला दोन दश्शा आल्या आणि ओळीत त्याला मधली जागा मिळाली. पहाटे तो गेला, फुलं वेचली, आणि सूर्य वर येताच नेहमीप्रमाणे घाईनं सगळ्यांच्या पुढे घरी निघाला. नाल्याच्या ओल्या रेतीत त्याचे पाय थबकले. येतानाचे त्यांचे ठसे तिथे होते. शेवटचे ठसे बाईचे होते, ते तो ओळखायचा, तिच्या उजव्या पायाची करंगळी बाहेर वळलेली होती. त्या ठशाच्या टाचेवर, अर्धी टाच पुसून, वाघाचा पंजा उमटला होता. पुढेही तसाच एक. आणि त्यापुढे आणखी एक.

वाघीण पुढे नव्हती. ती बाईच्या मागून चालत आली होती. किती मागून, ते रेती सांगत नव्हती. कदाचित आपण फुलं वेचत असताना, तासाभरानं ती पाणी प्यायला आली असेल. कदाचित बाईच्या पाठीमागे दहा पावलांवर असेल. तो वाकून पंजे मोजू लागला. तोवर मागून चौथ्या घरचा धनराज, सुकलू आणि बाई बोलत बोलत आले आणि रेती तुडवत नाला ओलांडून गेले. त्यानं "इथी पाहा" म्हटलं तेव्हा पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"काय पाहू?" धनराज म्हणाला. हा धनराज पंचविशीतला, अंगानं धडधाकट आणि जिभेनं त्याहून. "भाऊ, मागच्या वर्षी तू जळलेल्या खुंटाले वाघ म्हनला होता. सारा टोला टोपल्या टाकून पळाला. आठवते ना?"

आठवत होतं. त्या खुंटाचं टोल्यात अजून नाव निघायचं.

घरी आल्यावर तो बाईच्या अंगणात गेला. ती फुलं उन्हात पसरवत होती.

"बाई, वाघीन मांगून येते," तो म्हणाला. "तुह्या पायावर तिचा पाय होता. म्या पाह्यलं."

"कोन्या येळचा?"

"ते नाई समजलं."

"मंग काय समजलं तुले?" बाई फुलं पसरवतच राहिली. "रान तिचं आहे, ती चालनच. तुले तर बकरीबी वाघ दिसते, सोम्या. जाय, भाकर खाय."

तो उभाच राहिला. खात्री असती तर त्यानं तिचे पाय धरले असते. खात्री नव्हती, हीच खरी पंचाईत होती. आपण खरं पाहिलं की भीतीनं पाहिलं, हे त्यालाच सांगता येईना. भित्र्या माणसाचं हे असं असतं, सगळ्यांत आधी त्याचा स्वतःवरचा विश्वास उडतो.

दुपारी चौघं सुकलूच्या मांडवात बसले. ऊन फुफाट्यासारखं होतं. सुकलूनं पानं पिसली, वाटली. सोमाजीनं आपली तीन पानं उचलली. गुलाम, सत्ती, चव्वी. तिघांचे तीन रंग. एरवी हे पान पाहताच त्याच्या तोंडून पॅक निघून गेलं असतं आणि तो मोकळा होऊन घरी झोपला असता. आजही तो शब्द अगदी जिभेवर आला.

मग त्यानं विचार केला. मी पॅक म्हणालो तर उद्या मी घरी. बाई पॅक म्हणणार नाही. ती जिंकेल, आणि पहाटे सगळ्यांच्या मागे चालेल. तिला थांबवायचं तर एकच वाट होती, तिनं घाबरून पॅक म्हणायला हवं. मग एकटा उरलो तर मीही जाणार नाही. आणि टोल्यात एकच माणूस असा होता की ज्याच्या चालीला सगळे घाबरायचे, कारण तो जोडीशिवाय चालच करत नाही हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आयुष्यभर गोळा केलेला भित्रेपणा आज त्याला एकदाच खर्च करायचा होता.

"चाल," सोमाजी म्हणाला. त्याचे हात कापायला लागले. ते वाघिणीमुळे कापत होते, पण मांडवात हे फक्त त्यालाच माहीत होतं.

धनराजनं त्याच्या हातांकडे पाहिलं आणि भुवया वर केल्या. तरी त्यानं एक झाड लावलं. सुकलूनंही लावलं. बाईनं पानं न पाहताच चाल केली.

"चाल," सोमाजी पुन्हा म्हणाला. दोन झाडं.

"गेलो बावा," धनराजनं पानं टाकली. "भाऊ दोन झाडं लावते म्हनजे तीन एक्के असन त्याच्याजवळ. पॅक."

सुकलूनं बराच वेळ आपली पानं उघडली, मिटली, पुन्हा उघडली. त्यानं दुसरी चाल केली, बाईनंही न पाहताच केली, पण सोमाजीनं तिसरं झाड लावलं तेव्हा म्हाताऱ्यानं कंबरेला हात लावला आणि म्हणाला, "मले पुढं चालनं जमत नाई. पॅक."

आता बाई उरली. तिनं पहिल्यांदा आपली पानं उचलली, एक नजर टाकली आणि पुन्हा खाली ठेवली. मग ती पानांकडे पाहीना. ती सोमाजीकडे पाहू लागली. त्याच्या कपाळाकडे, ओठांकडे, हातांकडे. त्याला वाटलं, आता ती पॅक म्हणेल. म्हण, बाई. एकदाच म्हण.

"शो," बाई म्हणाली.

तिच्याकडे दोन पंज्या होत्या आणि एक राणी. सोमाजीनं आपली पानं उघडली, आणि धनराज तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिला.

"तुले चांगलं पान आलं का उजवा हात कापते," बाई म्हणाली. "आज दोनी कापून राह्यले होते. म्या तुले कडेवर वाढवलं, सोम्या. मले फशवतं का?"

डाव फक्त फसला नव्हता, उलटला होता. एरवी तिघं तरी गेले असते, आता धनराज आणि सुकलू घरी बसणार आणि त्या वाटेनं फक्त दोघं जाणार. तो पुढे आणि बाई मागे, तिच्या मागे कुणी नाही. त्यानं सगळ्यांसमोर रेतीतली गोष्ट पुन्हा सांगितली. मागची जागा मला द्या म्हणाला. धनराज गुडघ्यावर थाप मारून हसला.

"असं आहे तर. मांगची जागा पाह्यजे म्हनून एवढी नौटंकी."

"मांगं धोका आहे रे," सोमाजी म्हणाला.

"शो झाल्यावर जागा बदलत नाई," सुकलू म्हणाला. नियम त्याचाच होता, आणि हरलेल्या माणसाला नियम जरा जास्तच प्यारा असतो.

सोमाजीनं बाईला वाटेत गाठलं. उद्या जाऊच नको म्हणाला. ती म्हणाली, मोह आता भरात आहे, चार दिवसांत संपेल, तू आला नाहीस तर मी एकटी जाईन. ती जाणार हे त्याला माहीत होतं.

"मंग मले मांगं चालू दे."

बाई थांबली. तिच्या तोंडावर हसू होतं की नाही ते त्याला नीट कळलं नाही. "मांगं वाघ असन," ती म्हणाली, "तर तू पुढंच बरा."

पहाटे ते बांबूच्या तोंडाशी आले तेव्हा तांबडं फुटायला लागलं होतं. सोमाजीच्या एका हातात बॅटरी, एका हातात काठी, पाठीला टोपली. तो शिरला. मागून बाईची पावलं येत होती. त्याला पुढे काय आहे याची काडीचीही भीती वाटत नव्हती, आणि हे त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्याचे कान मागे होते. बाईचं पाऊल, सुकं पान, बाईचं पाऊल. त्यात तिसरा काही आवाज मिसळतो का, हे तो ऐकत होता. बांबू कुठेतरी करकरला की त्याच्या पाठीला घाम सुटायचा. मागे वळून पाहावं असं त्याला दर पावलाला वाटत होतं, आणि पाहिलं तर खरंच दिसेल म्हणून तो पाहत नव्हता.

"बाई," तो हळूच म्हणायचा.

"हो," बाई म्हणायची.

असं आठ-दहा वेळा झालं. नाला जवळ आला. मग त्यानं "बाई" म्हटलं आणि उत्तर आलं नाही. पाऊलही वाजलं नाही.

सोमाजी वळला. बाई वीस पावलं मागे राहिली होती. ती वाटेवर उकिडवी बसून, मान खाली घालून, तळपायातला काटा काढत होती. टोपली बाजूला ठेवली होती. आणि तिच्या पाठीमागे, वाट जिथे वळत होती तिथे, वाघीण पोट जमिनीला टेकवून बसली होती. तिचे खांदे वर आले होते. ती फक्त बाईच्या मानेकडे पाहत होती.

आपण त्या क्षणी काय विचार केला हे सोमाजीला नंतर कधीच सांगता आलं नाही. विचार केला असता तर तो नाला ओलांडून पळाला असता, असं तो स्वतःच म्हणतो. पळाला खरा, पण उलट्या बाजूला. काठी कुठे पडली, बॅटरी कुठे पडली, त्याला कळलं नाही. तो बाईला ओलांडून गेला आणि तिच्या आणि वाघिणीच्या मधे उभा राहिला.

मधे दहा-बारा हातांचं अंतर असेल. वनरक्षकानं गावात येऊन सांगितलं होतं, पळू नका, पाठ दाखवू नका, अंग मोठं करा. सोमाजीचं अंग मोठं करण्यासारखं नव्हतंच. त्यानं गळ्यातला दुपट्टा दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरला. धोतर ओलं झालं होतं. तोंडातून आवाज निघत नव्हता, आणि निघाला असता तर तो रडण्याचाच निघाला असता. वाघिणीनं नजर बाईच्या मानेवरून उचलून त्याच्या डोळ्यांत लावली. त्या पिवळ्या डोळ्यांत राग नव्हता. ती त्याला जोखत होती. तो हलला नाही. शूर म्हणून हलला नाही असं म्हणणं खोटं होईल, पाय हलत नव्हते म्हणून हलला नाही. पण ते वाघिणीला कसं कळावं?

किती वेळ गेला ते त्याला ठाऊक नाही. बाईला विचाराल तर ती म्हणेल, एक विडा चघळून होईल इतका. मग वाघिणीच्या शेपटीचं टोक एकदा हललं, ती उठली, आणि घाई न करता बांबूत शिरली. दोन-तीन बांबू वाजले आणि रान पुन्हा गप्प झालं.

सोमाजी होता तिथेच खाली बसला. बाई रांगत त्याच्याजवळ आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आयुष्यात त्यानं बाईला घाबरलेलं पाहिलं नव्हतं, आता पाहिलं, आणि त्याला रडू फुटलं.

"तुह्या हातात काहीच नोव्हतं रे," ती म्हणाली. "ना काठी, ना कुऱ्हाड."

"कालबी नोव्हतं," सोमाजी म्हणाला.

"काल म्या वळखलं तुले."

"तिनं नाई वळखलं."

बाईला हसू आलं नाही. तिनं त्याला दोन्ही काखांत हात घालून उभं केलं, आणि फुलांचा नाद सोडून दोघं टोल्याकडे वळले. वाट अरुंद होती, एका मागे एक चालण्याजोगीच. तरी बाईनं त्याचं मनगट धरलं, काटे ओरबाडत त्याच्या शेजारून चालली, आणि अंगणात पोचेपर्यंत ते सोडलं नाही.